बॉय म्हणजे किती वर्षांचा?

बी-ओ-वाय बॉय, बॉय म्हणजे मुलगा. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात आपण हे घोकलं आणि पुढे निघालो. मग ऑफिसात पंचावन्न वर्षांचा ऑफिस बॉय भेटला. चष्मा लावलेला, गुडघे दुखणारा, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे हप्ते भरणारा. सरकारी हॉस्पिटलात निवृत्तीला दोन वर्षं उरलेला वॉर्डबॉय भेटला. दारात हेल्मेट काढून घाम पुसणाऱ्या माणसाचे कानाजवळचे केस पांढरे दिसले, आणि आतून आपल्यापैकीच कुणीतरी ओरडलं, "डिलिव्हरी बॉय आलाय, ओटीपी सांग." हे सगळे 'मुलगे' कुठल्या हिशोबाने, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

हिशोब आहे, आणि तो वयाचा नाही. बॉय ही पायरी आहे, कुणी कुठे उभं राहायचं हे सांगणारी. हा शब्द मोठ्या माणसासाठी वापरणं आपण बंद केलं पाहिजे, असं माझं मत आहे. "एवढ्याशा शब्दाने काय होतं?" हे उत्तर मला माहीत आहे, त्याकडे येतोच.

आधी या शब्दाची जन्मकुंडली. आपल्याला वाटतं की मूळ अर्थ 'मुलगा', आणि नोकराला लाडाने किंवा सोयीने बॉय म्हणायची पद्धत नंतर पडली असेल. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास दिसायला लागतो, तेव्हा त्याचा अर्थ नोकर, हलक्या कुळातला माणूस, असा. 'लहान मुलगा' हा अर्थ मागून चिकटला. तो आला कुठून यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. एका तर्कानुसार त्याचं मूळ लॅटिनमध्ये बेडीला किंवा गळपट्ट्याला जो शब्द होता त्यात आहे. तर्क खोटा ठरला तरी चालेल, नोकराचा अर्थ मात्र पक्का आहे. (त्याच काळात 'गर्ल' म्हणजे कुठलंही लहान मूल, मुलगा असो वा मुलगी. भाषा कशा फिरतात पाहा.)

ही एकट्या इंग्रजीची खोड नव्हे. लॅटिनमध्ये 'पुएर' म्हणजे मुलगा आणि गुलामही. ग्रीकमध्ये 'पाइस'चं तेच. फ्रेंच 'गार्सों' म्हणजे मुलगा, आणि हॉटेलात पाणी आणून देणारा, त्याचं वय काही असो. सगळ्यात गमतीची जोडी इंग्रजीतच आहे. 'नाइट', म्हणजे चिलखत घालून घोड्यावर बसलेला सरदार, आणि 'नेव्ह', म्हणजे बदमाश. हे दोन्ही शब्द मुळात 'पोरगा, हाताखालचा पोर' याच अर्थाचे होते. एका शब्दाला राजाची मर्जी मिळाली, तो सरदार झाला. दुसरा स्वयंपाकघरातच राहिला आणि शिवी होऊन बसला. पत्त्यांत राजा आणि राणीच्या खालचं जे पान आहे, त्याला इंग्रजीत आधी नेव्हच म्हणत, जॅक हे नाव मागाहून रुळलं. आपण त्या पानाला काय म्हणतो? गुलाम. मेंढीकोट खेळताना आपण कुठलाही आडपडदा न ठेवता त्या शब्दाचं बिनचूक भाषांतर करत असतो.

शेक्सपिअरला हे नीट माहीत होतं. त्याच्या 'कोरिओलेनस' नाटकात रोमच्या त्या आडदांड सेनापतीला शत्रू देशद्रोही म्हणतो, तेव्हा तो चिडतो. बॉय म्हणतो, तेव्हा मात्र तो भान हरपतो आणि तिथेच मारला जातो.

हा शब्द घेऊन इंग्रज आपल्याकडे आले, आणि इथे एक विलक्षण योगायोग त्यांची वाट पाहत होता. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा तो खजिना. त्यात 'बॉय' या नोंदीखाली दोन वेगळे अर्थ दिलेत. पहिला, घरातला नोकर. दुसरा, पालखी वाहणारा. हा दुसरा इंग्रजी नव्हेच. तो तेलुगू-मल्याळममधला 'बोयी', म्हणजे आपला भोई. पालखी खांद्यावर घेऊन कोसच्या कोस चालणारा, नदीत जाळं टाकणारा, स्वतःची जात आणि कसब असलेला माणूस. साहेबाच्या कानाला भोई आणि बॉय यांत फरक लागला नाही, आणि लावून घ्यायची त्याला गरजही नव्हती. धंद्याचं नाव गेलं, तिथे वयाचं नाव आलं, तेही चुकीचं. आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर चढणाऱ्या माणसाकडे पाहिलं की मला हे आठवतं. ओझं वाहणारा माणूस आणि तोच शब्द. फक्त पालखीत आता बिर्याणी बसलेली असते.

साम्राज्यं जिथे जिथे गेली तिथे तिथे बॉय गेला. दक्षिण आफ्रिकेत बागेत काम करणारा आजोबा 'गार्डन बॉय'. फ्रेंचांना शब्द इतका आवडला की त्यांनी आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी तो इंग्रजीतून तसाच उचलला. कॅमेरूनच्या फर्दिनां ओयोनोने १९५६ साली एका घरनोकराच्या डायरीच्या रूपात कादंबरी लिहिली, तिच्या फ्रेंच शीर्षकातही 'बॉय' आहे.

पण या शब्दाशी समोरासमोर भांडण झालं ते अमेरिकेत. दक्षिणेकडच्या राज्यांत गोरा पोरगासुद्धा साठीच्या काळ्या माणसाला बॉय म्हणून हाक मारू शकत असे. गुलामगिरी कायद्याने संपून शंभर वर्षं झाली होती, तरी शब्दाने तिची चावी सांभाळून ठेवली होती. १ फेब्रुवारी १९६८ला मेम्फिस शहरात पाऊस पडत होता. दोन काळे सफाई कामगार आडोशासाठी कचऱ्याच्या गाडीत मागे शिरले, तिचं दाबयंत्र अचानक सुरू झालं आणि दोघंही चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या, सुरक्षिततेच्या, युनियनच्या मान्यतेच्या. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर मात्र पगाराचा आकडा नव्हता. चारच शब्द होते: 'आय अॅम अ मॅन'. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले, आणि ४ एप्रिलला त्याच शहरात त्यांचा खून झाला.

मराठीत आपण त्या फलकाचं भाषांतर 'मी माणूस आहे' असं करतो. सुंदर आहे, पण नेम थोडा चुकतो. ते फक्त जनावर आणि माणूस असा भेद सांगत नव्हते, ते 'बॉय'ला उत्तर देत होते. गावाकडच्या मराठीत याला नेमका शब्द आहे, बाप्या माणूस. मी पोऱ्या नाही, बाप्या आहे.

भांडण तिथे संपलं नाही. अलाबामा राज्यात टायसन फूड्सच्या कोंबड्यांच्या कारखान्यातल्या दोन काळ्या कर्मचाऱ्यांनी बढती नाकारल्याबद्दल खटला भरला. बढती देणारा गोरा मॅनेजर त्यांना बॉय म्हणत असे, हा त्यांचा एक पुरावा. खालच्या अपील कोर्टाने म्हटलं की शब्दाच्या आधी 'काळा' किंवा 'गोरा' असं विशेषण नसेल, तर नुसता बॉय हा भेदभावाचा पुरावा होत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. विशेषण नसलं म्हणून शब्द निरुपद्रवी ठरत नाही. संदर्भ, आवाजातला चढउतार, स्थानिक रीत, त्या शब्दाचा इतिहास, हे सगळं पाहावं लागतं. अपील कोर्टाने तरीही २०१० साली पुन्हा तोच हेका धरला, आणि बराच गदारोळ झाल्यावर २०११ साली आपलाच निकाल फिरवला. तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचा अर्थ लावायला एवढी वर्षं गेली.

आता कुणी म्हणेल, तो अमेरिकेचा वर्णद्वेष, आपल्याकडे बॉय म्हणजे नुसता एक सोयीचा शब्द आहे. नाही हो. आपल्याकडे तो इतका चटकन रुजला, कारण जमीन आधीच नांगरलेली होती. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत कोकणातून आलेल्या नोकराचं नाव विचारायचीही गरज नसे, तो 'रामा'. बारशाला ठेवलेलं नाव विठ्ठल असो की धोंडू. त्याचं बायकापोरांचं घर मनीऑर्डरीवर चाललेलं असे, पण शहरात तो कुणाचा बाप नव्हता, रामागडी होता. गावात एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एक गणपतराव असे आणि दुसरा गणप्या. नावापुढे 'राव' लागणार की नावाचा शेवट 'या'ने मोडला जाणार, हे कुळ बघून ठरे. वाड्यातलं दहा वर्षांचं पोर गणप्याला अरे-तुरे करी आणि गणप्या त्या पोराला अहो-जाहो. मराठीत वय हा मानाचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. ना शिक्षण लागतं ना पैसा, केस पांढरे झाले की अहो मिळतं. जातीने नेमका तोच मार्ग बंद केला होता. बॉय आला तेव्हा त्याला फक्त आत येऊन बसायचं होतं.

आणि हॉटेलातला पोऱ्या. 'ए पोऱ्या, दोन कटिंग' या हाकेतलं पोरगं बऱ्याचदा खरंच पोरगं असायचं. २००६च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि घरकामाला ठेवण्यावर कायद्याने बंदी आली. कायदा किती पाळला जातो हा निराळा विषय. पण मजा अशी की मूल टेबलापासून काही प्रमाणात हटलं, हाक मात्र हटली नाही. ती आता तीस-चाळीस वर्षांच्या वेटरला मारली जाते. छोटू मोठा झाला तरी छोटूच.

आता येतो "शब्दाने काय होतं, पगाराचं बोला" यावर. पगाराचंच बोलतोय. 'बॉय' या शब्दात पगाराचं अख्खं गणित आहे. बॉय म्हणजे सडाफटिंग. त्याला बायको नाही, आजारी आई नाही, घरभाडं नाही. तो चार दिवस हे काम करील, मग दुसरं बघेल. त्याला प्रॉव्हिडंट फंड कशाला? त्याची पाठ दुखत नाही, त्याला म्हातारपण येणार नाही. त्याला मिळतो तो पगार नव्हे, पॉकेटमनी. तुम्ही चाळीस वर्षांच्या माणसाला बॉय म्हणता तेव्हा त्याचं वय तेवढं कमी करत नाही, त्याच्या घरातली चार ताटंही हिशोबातून पुसता. ज्याला मोठं मानलंच नाही, त्याने मोठ्या माणसाचा पगार मागितला की तो 'उद्धट' वाटतो.

एक खेळ करून बघा. पोस्टमन, वायरमन, लाइनमन, वॉचमन म्हणून बघा. मग ऑफिस बॉय, टी-बॉय, डिलिव्हरी बॉय. पोस्टमन पार्सल आणतो, डिलिव्हरी बॉयही पार्सलच आणतो. एकजण मॅन, दुसरा बॉय. नोकरी पक्की असेल तर मॅन, कच्ची असेल तर बॉय, असा नियम सांगायचा मोह होतो, पण तो टिकत नाही. वॉचमन बहुतेकदा कंत्राटीच असतो आणि वॉर्डबॉय महापालिकेत कायम असू शकतो. मला फरक असा दिसतो: ज्याच्या भरवशावर आपण काही सोपवतो तो मॅन, ज्याला आपण नुसतं पिटाळतो तो बॉय.

आता याच शब्दाची दुसरी बाजू, जी वरच्या मजल्यावर राहते. तिथे बॉय असणं ही चैन आहे. महागड्या शाळांच्या 'ओल्ड बॉईज' संघटनांत सत्तरीचे उद्योगपती एकमेकांना बॉईज म्हणतात आणि खूश होतात. पस्तिशीच्या कोट्यधीश खेळाडूंबद्दल कर्णधार सामन्यानंतर म्हणतो, बॉईज छान खेळले. तुमच्याही मित्रांच्या ग्रुपचं नाव 'द बॉईज' असेल, खुशाल असू दे. बरोबरीची माणसं आपणहून अनेकवचनात बॉईज होतात, ती मौज. वरून खाली एकवचनात येतो तो बॉय, ती पायरी.

आणि वरच्या मजल्यावर पोरपण ढालीसारखंही वापरता येतं. २०१४च्या निवडणुकीत मुलायमसिंह यादव भर सभेत बलात्काराच्या शिक्षेबद्दल बोलताना म्हणाले होते की पोरं आहेत, चुका होतात. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, दोघं गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. काही तासांतच त्याला जामीन मिळाला, आणि अटींत एक होती अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. लोक खवळल्यावर तो आदेश बदलला गेला. अठराच्या आतल्याला कायद्याने मूल मानावं, हे मला मान्य आहे, आणि ते गरिबाच्या पोरालाही तितक्याच घाईने मानलं जावं एवढीच अपेक्षा आहे. पण त्याच रस्त्यावर त्याच रात्री जेवण पोहोचवणारा जो कुणी पस्तिशीचा माणूस फिरत असेल, त्याच्याकडून सिग्नल मोडला गेला असता तर तो 'बॉय' आहे म्हणून त्याला कुणी निबंध लिहायला सांगितला नसता. एकाला पोरपण शिक्षेपुरतं मिळतं, दुसऱ्याला पगारापुरतं.

राजकारणाचं तर विचारूच नका. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९ वर्षं. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर पन्नाशीचे 'युवा नेते' हसत असतात, आणि त्यांच्या सभेला खुर्च्या मांडणारी 'आपली पोरं' वीस वर्षं पोरंच राहतात.

इथे ॲपवाल्या कंपन्या पुढे येतात आणि म्हणतात, आम्ही तर केव्हाच बॉय म्हणणं सोडलं, आम्ही 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतो. या शब्दापासून तर दहा हात लांब राहा. पार्टनर म्हणजे भागीदार. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशोबाची वही बघायचा हक्क असतो, दर ठरवताना त्याला विचारलं जातं. एका सकाळी आयडी ब्लॉक झाला म्हणून ज्याचं काम बंद होतं, तो कुठल्या अर्थाने भागीदार? बॉयने त्याचं वय काढून घेतलं होतं, पार्टनरने त्याचा मालकच गायब केला. ब्रिटनमध्ये उबरने आपले चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत असा दावा केला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यांना कामगाराचे हक्क दिले. आपल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली खरी, पण तीच मुळी 'पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा' अशी आहे. तरी तिने कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या लोकांच्या सुरक्षेसाठी द्यावी असं म्हटलं आहे. ती मागायची असेल तर पार्टनर म्हणून मागता येणार नाही, कामगार म्हणूनच मागावी लागेल. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालाचा अंदाज आहे की २०२९-३०पर्यंत देशात २ कोटी ३५ लाख गिग कामगार असतील. हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण त्यांत असतील, काहीजण आत्ताच ऑर्डरची वाट बघत सिग्नलवर हे वाचत असतील.

मग म्हणायचं काय? यासाठी मराठीला कुठल्या समितीची गरज नाही. आपल्याकडे 'वाला' आहे. दूधवाला, पेपरवाला, भाजीवाली. काहींना तो हलका वाटतो, मला तो इमानदार वाटतो. तो काम सांगतो, वयाबद्दल खोटं बोलत नाही, आणि त्याचं स्त्रीलिंग सरळ होतं. मुंबईत सव्वाशेहून जास्त वर्षं डबे पोहोचवले जातायत, पांढऱ्या टोपीतल्या त्या माणसांना 'डबा बॉय' म्हणायची कुणाची हिंमत झालेली नाही. (ही सेवा सुरू करणाऱ्या महादू हावजींचं आडनाव बच्चे होतं, तरीही.) पार्सलवाले म्हणा, डिलिव्हरीवाले म्हणा. हॉस्पिटलात 'कक्षसेवक' हा शब्द कागदोपत्री आहेच, तो जिभेवर आणा. समोरासमोर दादा, काका, भाऊ, वयाप्रमाणे. आणि क्रियापद अहो-जाहोतलं. 'थांबा', 'पाणी घेता का?', 'जिन्याने यायला लागलं का तुम्हाला?'

नाती जोडून पगार वाढत नाही, हे आपण 'मावशी' म्हणून घरकाम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत रोज सिद्ध करतो. मावशीला दिवाळीत साडी मिळते, आठवड्याची सुट्टी मिळत नाही. तेव्हा दादा म्हणालात म्हणजे कर्तव्य संपलं असं नव्हे. टीपही द्या, रेटिंगचे तारे कापताना उशीर रेस्टॉरंटने केला की त्या माणसाने ते बघा, आणि ते लोक संपावर गेले की 'आमची गैरसोय' असा स्टेटस टाकू नका.

एक काम मात्र आज रात्रीच होण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी इमारतींत लिफ्टशेजारी 'डिलिव्हरी बॉयने मुख्य लिफ्ट वापरू नये' अशा अर्थाचा कागद चिकटवलेला असतो. तुमच्याकडे असेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाका आणि विचारा, हा कागद कुठल्या सभेत, कुठल्या ठरावाने लागला. बहुतेक ठिकाणी असा ठराव निघणार नाही. मग तो काढायलाही ठराव लागत नाही.